जेनोवाहून पत्र

प्रिय आई-बाबा,

फोनवर सगळं सांगून होत नाही आणि आई, तू गाडी सावकाश चालव एवढंच बोलत राहतेस, म्हणून निवांत लिहायला बसलेय. मिलानहून भाड्याची छोटी गाडी घेऊन जेनोवाला, म्हणजे इटलीच्या या बंदराच्या शहरात आले, अगदी व्यवस्थित. बाबा, तुम्ही मागे लागून आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढायला लावलंत ना, काउंटरवर लायसन्सच्या जोडीला तेच मागितलं. स्टिअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडून, सुरुवातीला सगळं लक्ष त्यातच जातं, मग हात बसतो. शेवटचा टप्पा घाटाचा आहे, वळणामागून वळण, हा रस्ता मुळात 1935 मध्ये बंदराच्या ट्रकसाठी बांधलेला, तिथे मागचे कितीही चिकटले तरी मी आपल्याच स्पीडने उतरले.

बाबा, तुमचा जन्म गोदीत गेला म्हणून हे खास तुम्हाला. इथे शहर आणि बंदर यांच्या मधून एक उंच रस्ता जातो, सोप्राएलेवाता म्हणतात, 1965 चा. पश्चिमेकडून चढलं की आधी लांतेर्ना दिसतं, 77 मीटर उंच दीपगृह, 1543 पासून उभं आणि अजून चालू, मग उजवीकडे क्रेन, बोटी, सार्डिनियाला निघालेल्या मोठमोठ्या फेरी आणि डावीकडे जुन्या घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या, वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात इतक्या जवळ. तिथेच पालाझ्झो सान जॉर्जो आहे, 1260 ची इमारत, बाहेरून सगळी रंगवलेली, मार्को पोलोला इथेच कैदेत ठेवलं होतं म्हणतात. आणि पोर्टचं ऑफिस आजही त्याच इमारतीत आहे! मला तिथे तुमची इतकी आठवण आली की काय सांगू.

2018 च्या ऑगस्टमध्ये पडलेला तो हायवेचा मोरांडी पूल इथलाच. 43 माणसं गेली. त्याच जागी आर्किटेक्ट रेन्झो पियानोच्या डिझाइनचा नवीन पूल 2020 मध्ये झाला, तो याच गावचा माणूस. खाली त्या माणसांच्या नावाने 43 झाडं लावलीत. मी तिथे मुद्दाम गेले आणि बराच वेळ बसले.

जुन्या गावात मात्र गाडी न्यायचीच नाही. झेडटीएल म्हणजे परवानगी असलेल्या गाड्यांनाच प्रवेश असलेला भाग, त्याची पाटी दिसली की वळायचं, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दंड मागाहून येतो. निळ्या रेषांत पैसे भरून पार्किंग, पिवळ्या रेषा आपल्यासाठी नाहीत. तशीही त्या गल्ल्यांत गाडी मावणारच नाही, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतात.

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी आल्या आल्या केला, कारण शहर सगळं डोंगरावर चढलंय. पण इथे जिने टाळायला चक्क सार्वजनिक लिफ्ट आहेत, बसने जावं तशी माणसं पिशव्या घेऊन त्यात चढतात. पोर्तेल्लो चौकातल्या लिफ्टने वर गेलं की कास्तेल्लेत्तो नावाच्या उंचावरच्या भागात पोचतो, तिथून करड्या पाटीच्या दगडाची छपरं, बंदर, लांतेर्ना सगळं एकदम दिसतं आणि बसायला बाकंही आहेत. खाण्याचंही टेन्शन नाही. फारिनाता नावाचा पदार्थ मिळतो, हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह ऑईल, बास, पूर्ण शाकाहारी. भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत सरकवतात, वरून खरपूस आणि आत मऊ, गरम असतानाच खायचं. तुझ्या टोमॅटोच्या धिरड्याची धाकटी बहीणच, फक्त मिरची नाही, तेवढी तू आणशीलच.

तर आता कारणं सांगू नका. माझं मिलानचं काम संपायच्या आत दोघांनी यायचं, मे महिन्यात. व्हिसाचे कागद मी बघते. बाबा, आजच कपाटातले दोन्ही पासपोर्ट काढा आणि मुदत कधीपर्यंत आहे त्या पानाचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅप करा.

तुमची,
मिनू