मॅडम, ती खोडलेली ओळ तशीच ठेवलीत म्हणून

प्रिय मॅडम,

आभार मानायला उशीर झालाय, पण दोन ओळींत उरकायची ही गोष्ट नव्हती.

धारिता, म्हणजे चार्ज साठवायची क्षमता, काळानुसार बदलणाऱ्या कपॅसिटरचं आमचं सर्किट सिम्युलेशनमध्ये चुकीचा ग्राफ देत होतं. ते तुमच्यापर्यंत आलं, तोवर बऱ्याच जाणकारांच्या हातांतून फिरलं होतं. कुणी म्हणालं, टाइमस्टेप, म्हणजे सिम्युलेशनमधलं वेळेचं पाऊल, कमी कर. कुणी म्हणालं, हे मॉडेल आम्ही कायम वापरतो, त्यात काही खोट नसते. एकाने तर ग्राफ न उघडताच सॉफ्टवेअर बदलायला सांगितलं. टाइमस्टेप कमी केला की तोच चुकीचा ग्राफ आणखी गुळगुळीत यायचा. त्या मंडळींवरचा राग अजून उतरलेला नाही.

तुम्ही अख्खं सर्किट बाजूला सारलंत आणि एकच कपॅसिटर घेतलात. १०० पिकोफॅरड, १० व्होल्टला चार्ज करून मोकळा सोडलेला. आता धारिता निम्मी करायची. सिम्युलेशन चालवण्याआधी तुम्ही हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवलात. चार्ज १ नॅनोकूलंब, त्याला जायला वाट नाही, म्हणजे ५० पिकोफॅरडला व्होल्टेज २० व्हायलाच हवं. ऊर्जा ५ नॅनोज्यूलवरून १० होणार, कारण प्लेट्स लांब ओढायला काम करावं लागतं.

आमच्या मॉडेलमध्ये व्होल्टेज १० वरच बसून राहिलं. अर्धा चार्ज गायब! धारिता गुणिले व्होल्टेज बदलण्याचा दर, एवढाच करंट त्यात धरला होता. व्होल्टेज गुणिले धारिता बदलण्याचा दर, हे दुसरं पद नव्हतंच. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये कपॅसिटरला थेट चार्जचं सूत्र दिलं की दोन्ही पदं आपोआप येतात, हेही तुम्हीच दाखवलंत.

पण मनात घर करून राहिली ती त्या कागदावरची एक खोडलेली ओळ. ऊर्जा आधी निम्मी लिहून तुम्ही काट मारली होती, खाली बरोबर उत्तर लिहिलं होतं. स्वच्छ प्रत काढून पाठवणं सहज जमलं असतं. इतका अधिकार असलेलं माणूस आपली खाडाखोड अनोळखी माणसाला दाखवतं, तेव्हा विचारणाऱ्याची भीड चेपते. आणि मूळ मॉडेल लिहिणाऱ्याला तुम्ही एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. अशी माणसं आहेत म्हणून शिकायची उमेद टिकते.

आता इंडक्टरलाही, म्हणजे तारेच्या वेटोळ्यालाही, हीच परीक्षा लावली आहे. टोकं जोडून, एलटीस्पाइस मुळात धरतं तो १ मिलिओहमचा रोध शून्य करून, इंडक्टन्स, म्हणजे दर अँपिअरमागे मिळणारा चुंबकीय फ्लक्स, निम्मा केला; एकूण फ्लक्स तेवढाच राहिला, करंट दुप्पट झाला. फाइल सोबत जोडली आहे, माझ्या खाडाखोडीसकट. सवडीने बघाल ना?