केशवरावच्या विंगेतल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी त्या दिवशी विचारलं नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांदेखत लिहितेय. वीसेक वर्षं झाली असतील. आम्ही गडहिंग्लजहून एकांकिका घेऊन कोल्हापूरला, केशवराव भोसले नाट्यगृहात आलो होतो. टेम्पोतून सामान उतरवताना दाराच्या फ्लॅटची, म्हणजे नेपथ्यातल्या खोट्या भिंतीची, चौकट मधोमध मोडली. प्रयोगाला दोन तास राहिलेले, आमच्याकडे ना हातोडी ना फळी. मी विंगेत रडत उभी होते. तुम्ही बिडी कानावर खोचली आणि म्हणालात, "रडू नगंस पोरी, मोडलंय लाकूड, नाटक न्हाई." कुठूनशी दोन पट्ट्या आणल्या, तोंडात चुका-खिळे धरले आणि चौकटीला मागून आडवा जोड मारला. तो फ्लॅट पुढे चार प्रयोग टिकला.

त्याबद्दल आभार आहेतच. पण काम झाल्यावर तुम्ही मला जे थिएटर दाखवलंत, त्याचं ऋण मोठं आहे. मला तोवर ते एक जुनं नाट्यगृह, एवढंच माहीत होतं. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि इथं आल्यावर कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधून घेतलं, हे तुम्ही सांगितलंत. त्याला अगदी खेटूनच १९१३ ला या इमारतीचं काम सुरू झालं आणि १९१५ ला 'पॅलेस थिएटर' उभं राहिलं. एका अंगाला पैलवान, दुसऱ्या अंगाला नट. राजानं दोघांनाही एकाच आवारात जागा दिली, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

मग तुम्ही मला वर सज्जात शेवटच्या रांगेत पाठवलंत आणि स्वतः रंगमंचाच्या मधोमध उभे राहून चुटकी वाजवलीत. नुसती चुटकी. ती माझ्या कानाशी वाजल्यासारखी आली. माइक नव्हते त्या काळात नटाचं गाणं मागच्या माणसापर्यंत जायचं, म्हणून घर असं बांधलंय, असं तुम्ही खालूनच बोललात, तेही हळू आवाजात, आणि मला शब्दन्‌शब्द कळला. "आवाज फेकायचा न्हाई, सोडायचा. घर त्यो न्हेतंय." त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा न ओरडता बोलले.

ज्यांचं नाव १९५७ साली या थिएटरला मिळालं, ते गायक-नट केशवराव भोसले याच गावचे. १९०८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक कंपनी काढली. टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ च्या जुलैत बालगंधर्वांबरोबर संयुक्त 'मानापमान' केलं आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, गेले. जेमतेम एकतीस वर्षांचं आयुष्य. तुम्ही त्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरलीत, ते मी पाहिलं होतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री थिएटर पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मोबाइलवर ज्वाळा बघताना मला छप्पर दिसेना, खुर्च्या दिसेनात. तुमचा हात पट्टीवर चुका ठोकताना दिसत होता. पायाखाली दणकणारं ते लाकूड, तुम्ही अनवाणी चालायचात ते, गेलं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. आठवड्याभरानं मी येऊन रस्त्यावरून बघून गेले. माझ्यासारखे कितीतरी जण तिथं गप्प उभे होते, कुणी पायातलं काढून हात जोडत होतं. तुम्ही त्यांत होतात का, ते मी शोधत राहिले.

आता ते होतं तसंच पुन्हा बांधायचं ठरलंय. दगड तसाच लावतील, कमानी तशाच काढतील. माझा जीव अडकलाय तो आवाजात. बांधणाऱ्यांनी तुमच्यासारख्या, तिथं जन्म काढलेल्या माणसांना एकदा बोलावून विचारावं, असं मला मनापासून वाटतं. पडदा कुठून सरकायचा, कुठल्या फळीवर उभं राहिलं की आवाज घुमायचा, हे तुम्हा लोकांच्या अंगात आहे.

थिएटर उघडेल तेव्हा मी येणार आहे. वर सज्जात, शेवटच्या रांगेत उभी असेन. तुम्ही खाली असलात तर एकदा चुटकी वाजवा, मामा.

तुमची,
गडहिंग्लजची रडणारी पोर