वडी कागदातून काढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मी पाठवलेली साबणाची वडी तू अजून कागदातून बाहेरच काढली नाहीस, आणि विचारतोस, ‘यात कॉस्टिक सोडा घातलायस का?’ हो, घातला होता. पण आता तो त्यात नाही. हे नीट सांगायचं तर पत्र लांबणार, तेवढं सहन कर.

कॉस्टिक सोड्याशिवाय, म्हणजे कातडी भाजणाऱ्या त्या तीव्र क्षाराशिवाय, असा वडीचा साबण होतच नाही. तयार साबणाची लादी वितळवून, रंग-सुगंध घालून साच्यात ओतली, तरी ती लादी बनवताना कुणीतरी सोडा वापरलेलाच असतो. तेल आणि सोड्याचं पाणी एकत्र आलं की तेल फुटतं, त्यातली आम्लं सोड्याशी जोडली जाऊन साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं होतं. म्हणजे सोडा साबणात लपून बसलेला नसतो, तो साबण होण्यात खर्ची पडतो. माणसं शतकानुशतकं राखेच्या निवळीत चरबी शिजवून साबण करत आली, पण तेला-चरबीत नेमकं काय असतं हे १८२३ साली मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात मांडलं. आज घरच्या ओट्यावर आपण ग्रॅमचा हिशेब करू शकतो तो त्या समजुतीच्या जोरावर.

आणि या छंदाचा जीव त्या हिशेबातच आहे. प्रत्येक तेलाची भूक वेगळी. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण १८ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला साडेतेरा, एरंडेलाला तेराच्याही आत. तुझ्या वडीत ३०० ग्रॅम ऑलिव्ह, १५० ग्रॅम खोबरेल आणि ५० ग्रॅम एरंडेल होतं. त्यांना मिळून ७४ ग्रॅम सोडा पुरता पडला असता. मी घातला ७०. म्हणजे सोडा संपला तरी थोडं तेल उरतंच, आणि अंघोळीनंतर कातडी ओढल्यासारखी होत नाही ती त्यामुळे. खोबरेलाने वडी टणक होते आणि भरपूर फेस येतो, पण ते जास्त झालं तर त्वचा कोरडी पडते. एरंडेल फेस टिकवून धरतं. ऑलिव्हचा साबण सौम्य, पण त्याला धीर धरावा लागतो.

माझा दुसरा घाणा फुकट गेला तो वजनापायी. तेल होतं जेमतेम २०० ग्रॅम, सोडा हवा होता २८, आणि काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारणारा. तेवढ्या चुकीत राखून ठेवलेलं सगळं तेल पार झालं आणि वर सोडा उरला. वडी पाडताना कडा भुगा होऊन तुटल्या, आत पांढरे कण दिसले. ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावलं तर नऊ व्होल्टच्या सेलला जीभ लावल्यासारखा झटका बसला. सहा आठवडे ठेवूनही तो गेला नाही. सगळा घाणा टाकून दिला. फार वाईट वाटलं मला तेव्हा. आता एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे आणि सोड्याच्या बरणीचं झाकण मी क्षणभरही उघडं ठेवत नाही, कारण सोडा हवेतली ओल पितो आणि मग वजन खोटं निघतं.

सोड्याला घाबरतोस ते बरोबरच आहे. मीही घाबरतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. पाणी बघता बघता उकळत्याच्या जवळ तापतं आणि वाफ नाकाला झोंबते, म्हणून खिडकी उघडी, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमला सोडा खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. अंगावर थेंब उडालाच तर खूप वेळ नळाच्या धारेखाली धुवायचं, व्हिनेगर वगैरे लावायच्या भानगडीत पडायचं नाही.

एवढं झालं की मग माझा सगळ्यात आवडता क्षण येतो. दोन्ही कोमट झाल्यावर सोड्याचं पाणी तेलात ओतून ब्लेंडर फिरवत राहायचं. आधी नुसतं गढूळ दिसतं, मग हळूहळू दाट होतं, आणि एकदा वरून सोडलेली धार लगेच बुडत नाही, तिची रेघ क्षणभर तशीच राहते. ती रेघ उमटली की आता हे मागे फिरणार नाही, हे कळतं. अजूनही दर वेळी मी ब्लेंडर बंद करून बघत उभा राहतो.

साच्यात ओतल्यावर दोन दिवसांत बहुतेक सगळा सोडा संपतो. पुढचे चार ते सहा आठवडे सोडा जाण्यासाठी नसतात, ते पाणी उडण्यासाठी आणि वडी मुरण्यासाठी असतात. मी दर आठवड्याला एकच वडी तोलतो. १०० ग्रॅमची वडी ८८ पर्यंत उतरून थांबली की समजतो, झालं.

तुझी वडी पाडून नऊ आठवडे झालेत आणि जिभेची परीक्षा ती केव्हाच पास झाली आहे. वापरायला काढलीस की जाळीवर ठेव. ग्लिसरीन पाणी ओढतं, ओल्यात राहिली तर लगदा होईल. आणि पुढच्या खेपेला येशील तेव्हा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आण, दुसरा गॉगल मी आणून ठेवला आहे.

तुझाच,
मित्र