विकू का, असं विचारलंस म्हणून

पंचवटी, नाशिक
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

तुझा फोन आला की मी नेमका मशीनपाशी असतो. "रात्री बोलू" म्हणतो आणि रात्री जेवण झाल्यावर आडवा होतो. तीनदा असं झाल्यावर वहिनींनी आमच्या हिला फोन केला, "ह्यांनी झोप सोडलीय, भाऊजींना म्हणावं दोन ओळी तरी लिहा." दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून रविवार धरून बसलोय.

बँकांचे सगळे शेअर विकून मोकळा होऊ का, एवढाच तुझा प्रश्न. कारणं मात्र पानभर दिलीस: ट्रम्पचे आपल्या मालावरचे पन्नास टक्के शुल्क, नेपाळात दोन दिवसांत गेलेला पंतप्रधान, पुढे बिहारची निवडणूक. आमची ही म्हणते पितृपक्षात नवीन खरेदी करू नये. विक्रीबद्दल शास्त्र गप्प आहे.

आधी माझा गाढवपणा ऐक, तुला अजून सांगितला नव्हता. गेल्या वर्षी ३ जूनला, एक्झिट पोलनंतरच्या पहिल्या सोमवारी, बाजार उधळला होता. स्टेट बँक ९०५ च्या आसपास गेली आणि मी त्याच दिवशी वीस शेअर घेतले. ४ जूनला मतमोजणी. सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी खाली, स्टेट बँक एका दिवसात चौदा टक्के खाली. गंमत म्हणजे मी राहतो नाशकात! डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केल्यापासून लासलगाव, चांदवड, दिंडोरीकडचा माणूस काय बोलतोय हे मी रोज चहाच्या टपरीवर ऐकत होतो. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या, नाशकातही सत्ताधारी पडले. आपल्या अंगणातला वारा कुठून येतोय ते कळत होतं आणि मी टीव्हीवरचा आकडा बघून बटण दाबलं. ते वीस शेअर आज सव्वा वर्षानंतरही पाण्याखाली आहेत. मध्ये शेअरमागे १५ रुपये ९० पैसे डिव्हिडंड आला, तेवढंच समाधान.

पाण्याखाली म्हटलं आणि दुतोंड्या मारुती आठवला, गोदावरीतला तो, ज्याच्या अंगावरून आम्ही पूर मोजतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की अख्खं गाव विचारतं, "मारुतीच्या कुठवर आलं?" कमरेला असेल तर पोरं बघायला पुलावर जातात. छातीला आलं की सराफ बाजारातले, भांडी बाजारातले लोक खालच्या फळीवरचा माल वर चढवतात. पण धरणाचा आकडा ऐकून दुकान विकायला काढलेला माणूस मी तरी पाहिला नाही. हे डोक्यात ठेव, पुढे लागेल.

आता बँकाच का आपटतात? बँक काही अमेरिकेला माल पाठवत नाही. एक कारण अगदी साधं आहे. परदेशी फंडवाल्याला भारतातून पैसे काढायचे असले की तो आधी असं विकतो ज्याला गिऱ्हाईक लगेच मिळेल. निफ्टी म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, त्यात एक तृतीयांशाहून जास्त वजन बँका आणि वित्तीय कंपन्यांचं. घरात पैशाची नड आली की बाई आधी सोनं काढते, कपाट काढत नाही, तसंच हे. त्या विक्रीत बँकेचा दोष असतोच असं नाही.

दुसरं कारण मात्र खरं आहे आणि ते मला माझ्याच गाळ्यातून दिसतं. बँक म्हणजे दुसऱ्यांच्या उधारीचं गाठोडं. तू शेअर घेतोस तेव्हा इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्यासारख्या शेकडो गाळ्यांच्या सीसी खात्यांत, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायच्या कर्जांत, तुझा वाटा असतो. माझी चाळीस लाखांची सीसी लिमिट ज्या बँकेत आहे, तिचेच शेअर माझ्या डीमॅटमध्ये आहेत. म्हणजे व्याज भरणारा मीच आणि व्याज खाणाराही मीच. फेब्रुवारी ते जून या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उधार देते तो दर, साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. छोट्या उद्योगांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असल्यामुळे माझं व्याज टक्क्याने उतरलं. लिमिट पूर्ण वापरली तर वर्षाला चाळीस हजार वाचले. मी खूश. पण बँकेने वर्षापूर्वी चढ्या दराने घेतलेल्या मुदत ठेवी मुदत संपेपर्यंत त्याच दराने चालणार. कर्जाचा दर लगेच पडतो, ठेवीचा सावकाश. मधली फट म्हणजे बँकेचं मार्जिन, आणि जून तिमाहीत बहुतेक बँकांची ती फट आकसली. उजव्या खिशात आलं, डाव्यातून गेलं. हे ट्रम्पचं काम नव्हे, मुंबईतलंच आहे. ठेवी नव्या दराने फिरल्या की फट थोडी भरून येते. शिवाय ६ सप्टेंबरपासून सीआरआर, म्हणजे ठेवींतला रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा हिस्सा, टप्प्याटप्प्याने एक टक्का कमी होतोय, म्हणजे बँकांना कर्ज द्यायला जास्त पैसा मोकळा.

आता ट्रम्प. पन्नास टक्के लागू झाले २७ ऑगस्टला, नेमके गणेश चतुर्थीला. आपला बाजार बंद होता. मी गणपती बसवत होतो आणि मनात म्हणत होतो, बाप्पाने एक दिवस तरी दिला. दुसऱ्या दिवशी सेन्सेक्स सातशेच्या वर अंकांनी पडला, झालं. बाजाराला ही बातमी तीन आठवडे आधीपासून माहीत होती.

बाजारापेक्षा मला शेजारच्या गाळ्याची काळजी जास्त आहे. त्याचे पंपाचे भाग अमेरिकेला जातात. जुलैत रात्रपाळी चालायची. आता तिकडचा खरेदीदार म्हणतो, थोडं थांबा, निम्मा भार तुम्ही उचला. त्याने बँकेत स्टॉक स्टेटमेंट दिलं, माल भरपूर दाखवला, पण माल पडून आहे म्हणूनच भरपूर आहे. बंड्या, तुझ्या शेअरचं भवितव्य त्या मालात आहे. कर्ज नव्वद दिवस थकलं तर एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. निघालेल्या मालाचे पैसे यायलाच दोन-तीन महिने लागतात, त्यानंतर थकबाकी, त्यानंतर नव्वद दिवस. म्हणजे ऑगस्टचा दणका बँकांच्या ऑक्टोबरच्या तिमाही निकालात दिसणारच नाही. दिसला तर जानेवारीत, नाहीतर त्याच्याही पुढे. ऑक्टोबरचे आकडे छान आले म्हणून हुरळून आणखी घेऊ नकोस. मधल्या काळात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबरमध्ये या शुल्कांवर सुनावणी आहे, तिथे काहीही होऊ शकतं.

पण घाबरण्याआधी एक गोष्ट लक्षात घे. २०१८ मध्ये बँकांची थकलेली कर्जं शंभरात अकराच्या पुढे होती, यंदा मार्चअखेर सव्वादोनच्या आसपास. त्या वेळी या मारुतीच्या गळ्याशी पाणी होतं, आज पायाशी आहे. आपल्याकडची द्राक्षं मुख्यतः युरोपात जातात, त्यांना या शुल्काची थेट झळ नाही. मला या जिल्ह्यात जास्त भीती कर्जमाफीच्या आशेची वाटते. निवडणुकीत शब्द दिला गेला, मग मार्चमध्ये उपमुख्यमंत्री म्हणाले हप्ते भरा. मधल्या काळात भरू शकणाऱ्यानेही हात आखडता घेतला. त्यात त्याचं काय चुकलं? पण ज्या बँकेचा शेतीकर्जाचा वाटा मोठा, तिचा शेअर घेताना मी हे बघतो.

हो, तुझ्या पत्नीच्या भावाला सांग, एचडीएफसी बँक अर्ध्यावर आली नाही! २६ ऑगस्टला त्याचा मला रडवेल्या आवाजात फोन. एकाला एक बोनस होता, म्हणजे एका शेअरमागे आणखी एक फुकट, म्हणून एकोणीसशेच्या वरचा भाव हजाराच्या आत दिसला. बोनसचे शेअर खात्यात यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर ॲप लाल दिसतं. माणूस विकायला निघाला होता.

आणि तू विचारलंस, बँक बुडाली तर पाच लाख मिळतात ना? ते ठेवीदाराला. शेअरवाला मालक असतो, त्याची पाळी शेवटी. आमच्या अण्णांकडे सहकारी बँकेचे भाग होते. तीस वर्षं दर्शनी किमतीवर, दरसाल लाभांश, वार्षिक सभेला उपमा. भाव म्हणून काही नव्हताच, त्यामुळे अण्णा शांत झोपायचे. तू अण्णांसारखा झोपायचं ठरवतोस आणि दर पंधरा मिनिटांनी मोबाइल बघतोस.

आता तुझं. तुळशीचं लग्न झालं की मुलीचं कार्य करायचं म्हणतोस. हॉल, दागिने, जेवणावळी यांसाठी शेअरमधून जेवढे काढायचे ठरवले होतेस, तेवढे या आठवड्यात काढ. ट्रम्प असो नसो. तो खालच्या फळीवरचा माल आहे. तोट्यात असलेला आधी विकायचा की नफ्यातला, यावर वेळ घालवू नकोस. कर किती बसेल ते तुझ्या सीएला विचार आणि पैसे सरळ एफडीत टाक. उरलेल्याला हात लावू नकोस. त्यातही एकाच बँकेत निम्म्याहून जास्त अडकलंय, ते मला खटकतं. मार्चमध्ये इंडसइंड एका दिवसात सत्तावीस टक्के पडली ती कुठल्या निवडणुकीने नव्हे, तिच्याच हिशेबातल्या गडबडीने. चार बँकांत वाटून ठेव, आणि घाईने वाटू नकोस.

माझे ते वीस शेअर मी ठेवलेत. नफ्यात येतील तेव्हा विकीन असं नाही, तो ९०५ चा आकडा माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

शेजारच्या गाळ्यात आज रविवार असूनही दिवा दिसतोय. ऑर्डर आलीय का नुसतीच झाडलोट चाललीय, ते उद्या विचारतो.

मुहूर्त ठरला की कळव. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद. येताना रिकाम्या हाताने ये, चिवडा आम्ही देऊ.

तुझाच,
पंचवटीवाला