फाइली परत आल्या, शब्द गेले

संपादक,
स.न.वि.वि.

मी घरी बसून मुद्रितशोधन करते. दिवाळी अंकांची कामं यायला लागली आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर फॉरमॅट करायची वेळ आली, दुकानातला मुलगा म्हणाला डेटा काढून ठेवतो ताई, आणि त्याने डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स पेनड्राइव्हवर घेतलं. फाइली सगळ्या परत मिळाल्या, पण लिबरऑफिसमध्ये (मी मजकूर तपासायला वापरते ते मोफत सॉफ्टवेअर) पाच वर्षं एकेक करून डिक्शनरीत ॲड केलेले शब्द गायब! आडनावं, गावं, जोडशब्द, सगळ्यांखाली परत लाल रेघा. त्या पोराला काय बोलणार, ते शब्द कुठे साठतात हे मलाच कुठे माहीत होतं.

नंतर शोधलं. विंडोजवर यूजर्समध्ये आपल्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, मग रोमिंग, मग लिबरऑफिस, मग नुसतं '4' (व्हर्जन 24 च्या पुढे गेलं तरी फोल्डर आपलं 4च), मग यूजर. त्यातल्या वर्डबुकमध्ये आपले शब्द आणि ऑटोकॉरमध्ये ऑटोकरेक्टचं, म्हणजे टाइप करताना आपोआप होणाऱ्या दुरुस्त्यांचं, सगळं. आणि हे ॲपडेटा मुळात लपवलेलं असतं, म्हणजे ज्याला माहीत नाही त्याला दिसणारच नाही! भाच्याच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, तिथे हेच सगळं होममधल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये आहे, नावाआधी टिंब असल्यामुळे तेही लपलेलं, कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं. पण फ्लॅटपॅकने (लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायची एक पद्धत) टाकलं असेल तर जागा आणखी वेगळी. मॅकवर लायब्ररीतलं ॲप्लिकेशन सपोर्ट, आणि ती लायब्ररी फाइंडरच्या गो मेन्यूत ऑप्शन की दाबून धरल्याशिवाय दिसत नाही.

गंमत म्हणजे शब्दांची फाइल साधी टेक्स्ट आहे, नोटपॅडमध्ये उघडते, विंडोजवरून लिनक्सवर नेली तरी चालते. एवढीशी फाइल, दोन सेकंदात कॉपी झाली असती.

लिबरऑफिसच्या हेल्प मेन्यूतून सेफ मोडमध्ये (बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी असतो तो) गेलं की या अख्ख्या प्रोफाइलची, म्हणजे त्या यूजर फोल्डरची, झिप करायचं बटणसुद्धा आहे, पण सगळं नीट चालू असताना सेफ मोडमध्ये कोण कशाला जाईल? ते बटण सरळ समोर द्यायला काय हरकत आहे. तुमच्या पुरवणीत बॅकअपबद्दल लिहाल तेव्हा फोटो आणि डॉक्युमेंट्सच्या जोडीला या लपलेल्या फोल्डरांचंही छापा की.

मी आता परत शब्द भरतेय. काल अंबाजोगाईपर्यंत आले.

— एक मुद्रितशोधक, सातारा