आप्पा, हे फोनवर सांगता आलं नसतं

ब्रॅम्प्टन, ऑन्टारिओ, कॅनडा
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कामावर खांदा दुखावल्याची भरपाई मी घेतेय हे ऐकून परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोरी, जाऊ दे. मालकाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? गुपचूप कामावर जा." मी गप्प बसले, ते रागानं नाही. तुमचा उजवा हात डोळ्यापुढं आला. गुऱ्हाळाच्या चरकात तुमची दोन बोटं गेली तेव्हा मी तिसरीत होते. मिरजेच्या दवाखान्याचं बिल मालकानं भरलं, घरी गुळाची एक ढेप पाठवली आणि पुढच्या हंगामाला तुमच्या जागी दुसरा माणूस उभा केला. त्या ढेपेला आईनं कितीतरी दिवस हात लावला नव्हता. तुम्ही मात्र अजून म्हणता, मालकानं केलं तेवढं बास.

म्हणून सगळं लिहून पाठवतेय. दादाकडून वाचून घ्या, यातलं अर्धं त्याच्यासाठीच आहे.

ऑगस्टमध्ये गोदामात पॅलेटच्या वरच्या थरावर खोकं सरकवताना खांद्यात कट्‌कन आवाज झाला आणि हात खाली पडला तो वर जाईना. सुपरवायझर म्हणाला, घरी लचकला असं लिही आणि आजारपणाची रजा घे, कशाला कागदांचा ताप? खरं सांगते, मी हो म्हणणार होते. शेजारी काम करणाऱ्या पंजाबी मावशींनी माझा दुसरा हात धरला. म्हणाल्या, आजच लिहून दे. तारीख, वेळ, काय उचलत होतीस, आणि मी पाहिलं म्हणून माझं नाव. मी तिथंच बसून डाव्या हातानं, वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं. पुढं जे झालं ते त्या एका कागदामुळं.

आप्पा, हे भरपाईचे पैसे म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. या प्रांतात हा कायदा १९१५ पासून आहे. बहुतेक मालक यासाठीच्या सरकारी मंडळाकडे हप्ता भरतात, कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक पैसाही कापत नाहीत. कामावर इजा झाली की चूक कुणाची ते बघत नाहीत, मंडळ पैसे देतं. त्याच्या बदल्यात कामगारानं मालकावर कोर्टात दावा लावायचा हक्क सोडलेला असतो. म्हणजे हा शंभर वर्षांपूर्वीचा सौदा आहे, आणि आपली बाजू आपण आधीच मोजून दिलेली आहे. अपघात कळल्यापासून कामाच्या ३ दिवसांत मालकानं मंडळाला कळवायचं असतं. कामगाराला अपघात दडवायला लावणं हाच इथं गुन्हा आहे.

इजा झाली त्या दिवसाचा पगार कंपनीनं दिला. दुसऱ्या दिवसापासून मंडळानं, हातात पडणाऱ्या पगाराच्या ८५ टक्के. फिजिओथेरपीचा खर्चही मंडळाचाच. पहिले पैसे यायला मात्र वेळ लागला, तोवर यांच्या एकट्याच्या पगारावर घरभाडं काढलं. ते दिवस कठीण गेले, म्हणूनच तुम्हाला कळवलं नव्हतं.

आता कामावर परत जाण्याचं. पूर्ण बरी होईपर्यंत घरी बसायचं असं इथं नसतं. डॉक्टर एक फॉर्म भरून देतात. त्यात दुखण्याचं नाव नसतं, काय झेपतं तेवढंच असतं: किती किलो उचलायचं, किती वेळ उभं राहायचं, हात खांद्याच्या वर न्यायचा की नाही. त्यावरून कंपनीनं मला लेबल तपासायचं काम दिलं, रोज ४ तास. त्या ४ तासांचा पगार कंपनीचा, आणि जो पगार बुडतो त्याचे ८५ टक्के मंडळाचे. झेपणारं हलकं काम कारणाशिवाय नाकारलं तर पैसे कमी होतात, तेव्हा बसून खाते असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा. दुसऱ्याच आठवड्यात सुपरवायझर म्हणाला, एवढं एकच खोकं वर ठेव. मी खिशातला फॉर्म काढून त्याच्यापुढं धरला. काही बोलले नाही. त्यानं खोकं स्वतः उचललं.

आणि नोकरी जायची तुमची भीती. जिथं २० किंवा जास्त कामगार आहेत आणि आपली नोकरी वर्षभर झालेली आहे, तिथं इजेपासून जास्तीत जास्त २ वर्षं मालकावर परत कामावर घ्यायचं बंधन असतं. मला इथं ३ वर्षं झाली.

दादा, आता तू. कुपवाडच्या फाउंड्रीत उन्हाळ्यात पायावर वितळलेला रस सांडला तेव्हा तू ८ दिवस घरी होतास, ते बिनपगारी गेले, आणि वर तूच म्हणालास की ठेकेदारानं २ हजार दिले, चांगला माणूस आहे. तुझी पगाराची चिठ्ठी काढ. त्यात ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, पाऊण टक्का कापलेले दिसतील, मालक आपले सव्वातीन टक्के वेगळे भरतो. ठेकेदाराकडच्या माणसालाही हे लागू आहे. कामावर इजा होऊन ३ दिवस किंवा जास्त घरी राहावं लागलं तर सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात, अगदी नोकरीच्या पहिल्या दिवशी लागलं तरी. ते पैसे चालू असेपर्यंत मालकाला कामावरून काढता येणार नाही, असं १९४८ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. ते २ हजार त्यापुढं काय?

चिठ्ठीवर कपात नसेल तर ठेकेदाराला विचार, आणि त्यानं टोलवलं तर ईएसआयच्या ऑफिसात जा. भाजल्याचे दवाखान्याचे कागद वहिनीनं पत्र्याच्या पेटीत ठेवलेत, ते बरोबर ने. अपघाताच्या नोंदवहीत तुझं नाव आहे का, तेही बघून ये. आप्पांच्या वेळी आपल्या घरात कुणाला काही माहीत नव्हतं, आता तसं नाही.

आई, तू खांद्याचं विचारत होतीस. फिजिओवाल्या बाई भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला लावतात आणि जिथं थांबतो तिथं पेन्सिलीनं रेघ मारतात. पहिली रेघ कमरेच्या जरा वर होती, कालची कपाळाशी आहे. अडीच महिने माझी वेणी हे घालत होते. या सोमवारी मी माझी घातली.

तुमची लेक