आधी समेट, मग दान

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्रात धर्माचे नाव येते ते बहुतेक वेळा भांडणाच्या बातमीत. मी ख्रिस्ती आहे, मंडळीतील (म्हणजे चर्चमधील) मुलांना पवित्र शास्त्र शिकवते. याबद्दल इतरांना बोल लावण्याआधी आम्ही ख्रिस्ती लोकांनी स्वतःकडे पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

‘शांती करणारे ते धन्य’ हे येशूचे वचन आमच्यात पोराटोरांना पाठ असते. मत्तयाच्या त्याच पाचव्या अध्यायात थोडे पुढे जे आहे, ते मात्र आम्ही भरभर वाचतो. वेदीपाशी दान आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, जा, आधी त्याच्याशी समेट कर. राग भावाच्या मनात आहे, पण उठून जायचे दान आणणाऱ्याने! वर्गात एका मुलीने विचारले, “आणि त्याने दारच उघडले नाही तर?” मी म्हटले, “तरी जायचे.”

हे न केल्याने काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने भोगले. 1857 मध्ये केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट मंडळीच्या धर्मसभेने मान्य केले की सर्व वर्णांच्या विश्वासणाऱ्यांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे. पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ अडचण येत असेल तिथे वेगळे बसण्याची मुभा दिली. ही दुर्बलता कसली, तर काही गोऱ्या लोकांना प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, इतर वर्णांच्या लोकांसोबत बसायचे नव्हते! सवलतीची रीत झाली, 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी मंडळीच वेगळी निघाली आणि 1948 नंतर सरकारने वर्णभेद कायद्यात उतरवला, तेव्हा त्याला शास्त्राधार पुरवायला धर्मपंडित तयार होते. प्रभूच्या मेजावर पडलेली फूट मेजापुरती राहिली नाही.

तिच्याविरुद्ध उभे राहिले तेही विश्वासणारेच. त्या वेगळ्या काढलेल्या मंडळीने 1982 मध्ये केपटाऊनजवळच्या बेल्हार येथे विश्वासाचा जाहीरनामा मांडला: ख्रिस्ताने ज्यांचा समेट केला, त्यांना वर्णावरून सक्तीने वेगळे ठेवणे सुवार्तेच्या विरुद्ध आहे. 1990 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच रस्टनबर्ग येथे भरलेल्या मंडळ्यांच्या परिषदेत गोऱ्या डच रिफॉर्म्ड मंडळीतील प्राध्यापक विली योंकर यांनी वर्णभेदाच्या पापात आपला आणि आपल्या मंडळीचा वाटा उघडपणे कबूल केला. वर्णभेदाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी तिथेच उठून ती कबुली स्वीकारली. सगळ्यांना ते पटले नाही, आणि त्यांचा राग मला समजतो. क्षमा मागितली म्हणून हिरावलेली जमीन परत येत नाही. तरीही त्या कबुलीखेरीज पुढचे बोलणे सुरू कुठून झाले असते? 1994 मध्ये मिश्रवर्णीयांची आणि कृष्णवर्णीयांची अशा वेगळ्या काढलेल्या दोन मंडळ्या एक झाल्या. मूळ गोऱ्या मंडळीशी ऐक्य मात्र रखडले. शांती करणे इतके चिवट काम आहे. ‘जाऊ दे, वाद नको’ म्हणून गप्प राहणाऱ्यांना येशूने धन्य म्हटलेले नाही.

आम्हीही कॅथलिक, प्रोटेस्टंट, ह्या मिशनचे, त्या मिशनचे म्हणून एकमेकांपासून दूर बसतो. जुने दावे, जुनी अढी, कधी जातही मध्ये येते. मग शेजारच्या धर्माच्या माणसाशी समेटाची भाषा आम्ही कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून एक विनंती. नाताळ आणि ईस्टरला आपण आमच्या धर्मगुरूंचे शुभसंदेश छापता. या वर्षी त्यांना संदेशाऐवजी एवढेच विचारा: यंदा तुमची मंडळी समेटासाठी कोणाच्या दारी गेली?

आपली,
एक ख्रिस्ती वाचक